आडगावच्या पुढचा जुना लॉज : मोजणीच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२५

लॉज मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे, आडगाव ओलांडून दहाव्या मैलाकडे निघालं की लागतो. बरीच वर्षं बंद आहे. मालकांच्या घरात वाटण्या झाल्या, उन्हाळ्याच्या आत सगळं पाडून जागा मोकळी करायचं ठरलंय. मालक म्हणाले, "पाडायचं तर आहेच, पण नकाशा करून ठेवा. पोरांना दाखवायला काहीतरी राहू द्या." काम तेवढंच. पाडण्याआधी प्रत्येक भिंतीचं माप, फोटो, आणि जमलं तर कुठला भाग कधीचा तेही. मजुरी नाही, दुपारचं जेवण त्यांच्याकडे.

घोटीपासून चांदवडपर्यंत या रस्त्याला असे लॉज अजून उभे आहेत. कुणाला असंच एखादं मोजायचं असेल तर या नोंदी उपयोगी पडाव्यात.

आज टेप काढलाच नाही. नुसतं फिरून हाताने कच्चा नकाशा काढला. मागे आठ खोल्यांची सलग ओळ, पुढे पडवी, वर मंगलोरी कौलं. ओळीच्या टोकाला काटकोनात रस्त्याकडे येणारी स्लॅबची इमारत, तिला गोल कोपरा आणि छज्जावर तीन आडव्या पट्ट्या. अंगणापलीकडे पाच गाळ्यांचं गॅरेज. एका बाजूला सिमेंटच्या पत्र्याचा जेवणाचा हॉल. मधे अंगणात दगडी हौद, मातीने भरलेला. घरच्यांचं म्हणणं, "आजोबांनी पन्नास साली एकदम बांधलं सगळं." बघताक्षणी खरं वाटत नाही, पण आज वाद घातला नाही.

१५ नोव्हेंबर

खोल्यांची ओळ मोजायला घेतली. खोली मोजायची, भिंतीची जाडी मोजायची, पुढच्या खोलीत जायचं, असं करत टोकापर्यंत गेलो. बेरीज २८.६२ मीटर. बाहेरून सलग टेप लावला तर २८.५१. अकरा सेंटिमीटर कुठून आले? प्रत्येक मापात थोडं थोडं वर धरलं जातं आणि ते साचत जातं. शिवाय टेप कापडी होता, तो ओढला की ताणतो.

दुपारी सगळं खोडून नव्याने सुरुवात. पडवीच्या कडेने नायलॉनची दोरी ताणली, एका टोकाला शून्य धरलं, स्टीलचा टेप दोरीला चिमट्यांनी अडकवला आणि प्रत्येक दाराची, खिडकीची, खांबाची कड त्या एकाच शून्यापासून वाचली. एकजण वाचतो, दुसरा लिहून मोठ्याने परत म्हणतो. ही पद्धत सकाळीच धरली असती तर दिवस वाचला असता. लेझरचं यंत्र होतं, पण दुपारच्या उन्हात त्याचा लाल ठिपका दिसत नाही. ते खोलीच्या आतच कामाचं.

१६ नोव्हेंबर

खोल्या आतून ३.०५ बाय ३.६६ मीटर. म्हणजे सरळ दहा फूट बाय बारा फूट. भिंती दीड फुटी, दगड-चुन्याच्या. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, आणि अंमल पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने झाला. पण फुटात आहे म्हणून जुनं, असा निष्कर्ष काढू नका. आपला गवंडी आजही दहा बाय बाराच म्हणतो.

खोली चौकोनी आहे असं गृहीत धरायचं नाही, दोन्ही कर्ण मोजायचे. पहिल्या खोलीचे कर्ण ४.७९ आणि ४.७२ आले. काटकोन असता तर दोन्ही ४.७६ च्या आसपास हवे होते. आठही खोल्या त्याच बाजूला तिरप्या निघाल्या. म्हणजे बांधणाऱ्याचा गुण्या, काटकोन बघायचं हत्यार, चुकलेला नाही. आडव्या भिंती मुद्दाम रस्त्याच्या रेषेला धरून टाकल्यात आणि मागची भिंत शेताच्या बांधाला धरून. कर्ण घेतले नसते तर हे कागदावर आलंच नसतं.

पाण्याच्या नळीने पातळी काढली. जोतं एका टोकाला सात सेंटिमीटर खाली आहे. त्याहून मजेशीर म्हणजे समोरच्या सर्व्हिस रोडपासून जोत्याची उंची जेमतेम एक पायरी. एवढी दगडी बांधणी करणारा माणूस एवढं बुटकं जोतं ठेवील? पायरीपुढे कुदळ मारली तर खाली आणखी दोन घडीव पायऱ्या निघाल्या. डांबराचे थर चढत गेले, रस्ता वर आला, लॉज जागच्या जागी खाली गेला. पावसाचं पाणी खोल्यांत का येत होतं हे मालकांना आज कळलं.

२२ नोव्हेंबर

आजचा दिवस खांबांचा. पडवीचे खांब लाकडी असतील असं तैलरंगाच्या थरांमुळे वाटत होतं. खरवडलं तर ते उभे केलेले रेल्वेचे रूळ. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव आणि साल उठावाने घातलेलं असतं, हे माहीत असेल तर काम सोपं होतं. तारेच्या ब्रशने घासलं, खडू चोळला, आणि एका खांबावर १८९ एवढं वाचता आलं. चौथा आकडा गंजात गेलाय.

आनंदाने उडी मारू नये. रुळाचं साल म्हणजे इमारतीचं साल नव्हे. रूळ आधी गाडीखाली झिजतो, मग भंगारात निघतो, मग कुणीतरी लिलावात घेतो. यातून एवढंच कळतं की पडवी त्याआधीची नाही. या कामात हाती लागणारा जवळजवळ प्रत्येक पुरावा असाच असतो, "याच्या आधी नाही" एवढंच सांगणारा.

कौलांचंही तेच. कौलाच्या खालच्या अंगाला कारखान्याचं नाव ठसवलेलं असतं. मंगलोरी कौलांचा उद्योग बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनने १८६५ मध्ये मंगलोरला सुरू केला. पहिल्या महायुद्धानंतर त्यांचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. आमच्या छपरावर चार-पाच वेगवेगळ्या ठशांची कौलं निघाली. दरवर्षी पावसाआधी शाकारणी होते, फुटकी बदलतात, त्यामुळे छपराच्या मध्यावरचं कौल काहीच सांगत नाही. मागच्या भिंतीच्या वळचणीला, जिथे शिडी लागत नाही तिथली, चुन्यात बसवलेली कौलं बघायची. तिथली सगळी एकाच ठशाची होती, कॉमनवेल्थची. म्हणजे ओळ १९२० च्या आधीची बहुधा नाही.

परांचीचं भाडं दोन दिवसांचं द्यावं लागलं, कारण पहिल्या दिवशी रूळ घासण्यातच संध्याकाळ झाली. परांची आणण्याआधी खालचं काम संपवा.

२९ नोव्हेंबर

कागद. आडगाव आज नाशिक महानगरपालिकेत आहे, पण महापालिका झाली १९८२ मध्ये. त्याआधीची घरपट्टी ग्रामपंचायतीची. त्यामुळे दोन ठिकाणची दप्तरं बघावी लागतात, आणि दोन्हीकडे मिळकतीचे नंबर वेगळे. सातबाऱ्याचा गट नंबर घेऊन गेलात तरी जुना सर्व्हे नंबर हातात हवाच.

खरी मदत झाली जुन्या फेरफाराची. स्कॅन केलेली प्रत ऑनलाइन मिळाली, पण नोंद मोडीत. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी पानाला पाचशे घेतले आणि अर्ध्या तासात वाचून दिलं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी एखादा तलाठीसुद्धा वाचून द्यायचा. नोंद १९३७ ची, मालकांच्या आजोबांच्या खरेदीची: जमीन "धर्मशाळेच्या इमारतीसह".

मालकांना फोन केला. थोडा वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग, "म्हणजे आजोबांनी बांधलंच नाही?"

"मागची ओळ नाही काका. पुढचं तुमच्या आजोबांचंच असावं."

"आमच्या आत्याला सांगू नका एवढं. ती फार अभिमानाने सांगते."

सांगितलेलं नाही.

नकाशाचा एक खड्डा इथे लिहून ठेवतो. सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नाशिक नकाशा हवा म्हणून ४७ ई/१३ क्रमांकाचा कागद मिळवला, आणि त्यात आमचा लॉज नाही. २० अंश उत्तर अक्षांश नाशिक शहरातून जातो आणि नकाशाचे दोन कागद तिथेच तुटतात. नाशिकरोड-देवळालीची बाजू ४७ ई/१३ मध्ये, आडगाव-ओझरची ४६ एच/१६ मध्ये. दोन्ही घ्या. या नकाशांवर सरकारी मुक्कामाच्या जागा अक्षरांनी दाखवतात: डाक बंगल्याला, तपासणी बंगल्याला, विश्रामगृहाला वेगवेगळी आद्याक्षरं. खाजगी लॉजला अक्षर नसतं, नुसता ठोकळा. आमचा ठोकळा सापडला, पण एवढ्या लहान मापावर इमारतीचा आकार त्यातून कळत नाही. ते पान मोठं करून छापून भिंतीला लावलंय.

६ डिसेंबर

पुढच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर बोर्ड रंगवलेला आहे, पण एकावर एक इतके हात की दिवसा फक्त शेवटचं "बोर्डिंग अँड लॉजिंग" दिसतं. रात्री गेलो. बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरकी धरली की खालच्या अक्षरांच्या कडा सावली टाकतात. कॅमेरा स्टँडवर, बॅटरी डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा, वरून एकदा. थंडी कडाक्याची होती आणि कुत्री मागे लागली, पण फोटो उत्तम आले.

सगळ्यात खालच्या थरात "उतारूंची राहण्याची व जेवणाची उत्तम सोय" आणि मोटारीचं चित्र, पुढच्या चाकापर्यंत. त्याच्या वरच्या थरात "नॅशनल हायवे नं. ३". राष्ट्रीय महामार्गांचा कायदा १९५६ चा, अंमल १९५७ पासून. त्याआधी कुणी भिंतीवर तीन नंबर बहुधा लिहिणार नाही. म्हणजे तो थर बहुधा त्यानंतरचा, आणि खालचा बोर्ड व भिंत त्या थराहून जुनी. २०१० मध्ये महामार्गांचे नंबर बदलले, नाशिक-धुळे पट्टा आता ६०. पण लॉजवाल्याने ते रंगवायचे कष्ट घेतले नाहीत, आणि लोकही अजून तीन नंबरच म्हणतात.

रंगाचे थर मोजून वर्षं काढायचा मोह होतो, दर दिवाळीला एक हात धरून. करू नका. दोन वर्षं हात पडत नाही आणि लग्नाच्या वर्षी तीन पडतात.

७ डिसेंबर

दोन्ही इमारतींचा सांधा बघितला. कोपऱ्यातला गिलावा पोपडे सुटून पडतच होता, तळहाताएवढा काढला. मागची भिंत काळ्या दगडाची, चुन्यात, पुढची विटांची. मधे वरपासून खालपर्यंत सरळ उभी भेग. एकाच वेळी बांधलं असतं तर दगड-विटा एकमेकांत दात घालून गुंफल्या असत्या. इथे नवी भिंत जुनीला नुसती टेकवलीय. फेरफार आणि हा सांधा, दोन्ही एकच सांगतात.

लोणा कुठे लागलाय तेही बघा. चुन्याच्या भिंतीवर कधीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला आहे आणि नेमका तेवढाच पट्टा फुगून खारवलाय. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती आत कोंडतं. वाचवायची इमारत असेल तर दुरुस्ती चुन्यानेच करावी. चुना मळून देणारा गवंडी शोधायला वेळ लागेल, तो धरा.

पुढच्या इमारतीचा गोल कोपरा, पट्ट्या आणि जहाजाच्या कठड्यासारखे तीन पाइप ही मुंबईची आर्ट डेको नावाची बांधणीची चाल, मरीन ड्राइव्हवर दिसते ती. मालक सांगतात की आजोबा द्राक्षं घेऊन मुंबईला जायचे. बघून आले असतील आणि आपल्या गवंड्याला हाताने दाखवलं असेल, कारण गोलाई तुळईपाशी येऊन अडखळते आणि शेवटची फूटभर भिंत चक्क सरळ आहे.

१३ डिसेंबर

गॅरेज. पाच गाळे, प्रत्येक दार सात फुटी. अॅम्बॅसेडरची रुंदी सुमारे १.७ मीटर, त्यामुळे गाडी आत घेऊन कसंबसं दार उघडून उतरता येई. आजची मोठी गाडी आत गेली तर माणूस खिडकीतूनच बाहेर येईल.

गॅरेजवर माळा आहे, साडेपाच फूट उंचीचा, मागून लोखंडी शिडी, आणि खाली वेगळी मोरी. माळ्यावर भिंतीत खुंट्या आणि कोळशाने लिहिलेले हिशेब. हा ड्रायव्हरांचा मुक्काम. मला या सगळ्या इमारतीतली ही सगळ्यात बोलकी जागा वाटते. अमेरिकेत मोटेल म्हणून बांधलेलं पहिलं ठिकाण कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पोचं, १९२५ चं, आर्थर हाइनमन या वास्तुकाराचं. तिथे गाडी खोलीलगत, कारण गाडी चालवणाराच खोलीत झोपणार. आपल्याकडे मोटारीचा मालक आणि मोटार चालवणारा ही दोन माणसं होती. म्हणून खोल्या अंगणाच्या एका बाजूला, गाड्या दुसऱ्या बाजूला आणि गाड्यांच्या डोक्यावर ड्रायव्हर.

खोल्यांची ओळ मात्र मोटेलचं काही देणं लागत नाही. पंचवटीत एका जुन्या धर्मशाळेत जाऊन टेप लावला: पडवी, एकेक दार, एकेक कोनाडा, मागे खिडकी नाही. खोल्या तिथेही दहा फुटी. मागची खिडकी आमच्याकडे नंतर फोडलेली आहे, वर तुळईऐवजी कडप्प्याची लादी टाकून.

२० डिसेंबर

रजिस्टरं. पोत्यात होती, वाळवी लागलेली. लॉजला उतारूंची नोंद ठेवावी लागते. १८६७ च्या सराया कायद्यापासून सरकारला रस्त्यावरच्या मुक्कामाच्या जागांवर नजर हवीच आहे, आणि पोलिसांचे शिक्के जागोजागी आहेत. नाव, गाव, कुठून आले, कुठे जाणार, कामाचं कारण, गाडी नंबर.

सुट्या पानांना तारीख नव्हती. गाडी नंबरांनी काम केलं. नंबरापुढे एमएच १५ असेल तर पान जुलै १९८९ नंतरचं, कारण नव्या मोटार कायद्याने तेव्हा ही पद्धत आणली. तीन अक्षरी जुने नंबर असतील तर बहुतेक आधीचं, पण जुन्या गाड्या पुढेही धावत होत्याच. सिंहस्थाची वर्षं लगेच ओळखू येतात: १९८० च्या श्रावण-भाद्रपदात दोन खाटांच्या खोलीत सात-सात नावं. कारणाच्या रकान्यात "ओझर कारखाना" सारखं येतं. विमानांचा कारखाना तिथे १९६४ मध्ये आला.

पानांचे फोटो काढताना नावांच्या रकान्यावर कागदी पट्टी ठेवली. त्यातली माणसं, त्यांची मुलं, इथेच आसपास आहेत, आणि कोण कुणाबरोबर उतरलं हे नकाशाच्या कामाचं नाही.

मालकांच्या फायलीत सिमेंटच्या परमिटची चिठ्ठी सापडली, १९७४ ची. तेव्हा सिमेंट नियंत्रणात होतं, बाजारात जाऊन पोती उचलता येत नसत. ते थोडं सैल झालं १९८२ मध्ये. चिठ्ठीवर काम लिहिलंय: "जेवणाचा हॉल, फरशीकाम". एका भागाचं साल तरी पक्कं मिळालं. हॉलच्या कोपऱ्यात परमिट रूमची काचेची खोली आहे, ती मागाहून फळ्या ठोकून केलेली.

२७ डिसेंबर

मोबाइलने फोटो काढून संगणकावर त्रिमिती प्रतिकृती करायचा प्रयत्न फसला. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर सॉफ्टवेअरला पकडायला काही खूण नसते, भिंती लाटांसारख्या आल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीभर खडूच्या फुल्या मारल्या आणि वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवले, तेव्हा जुळलं. दोन फोटोंत निम्म्याहून जास्त भाग सारखा यायला हवा, घाई केली की दुवा तुटतो. तरीही मुख्य मापं टेपचीच धरली आहेत.

हॉलचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे आहेत. भोक पाडू नका, करवतीने कापू नका, वरून फेकू नका. हुक सोडवून अख्खे उतरवायचे, आधी पाणी मारून, मास्क लावून. पाडणारा ठेकेदार हसला. त्याला पैसे या पद्धतीचे वेगळे द्यायचे मालकांनी कबूल केलं तेव्हा हसणं थांबलं.

२४ जानेवारी २०२६

पाडायला ठरल्यापेक्षा लवकर सुरुवात झाली. आधी सागाच्या चौकटी गेल्या, लाकूडवाल्याने एका सकाळीच उचलल्या. चौकटींचं बारीक रेखाटन आधी झालं होतं म्हणून बरं. रूळ-खांब मालकांनी ठेवून घेतले, पडवी कुठल्या तरी पुतण्याच्या बंगल्याला लागणार आहे.

जेसीबीवाल्याला सांगून सांध्यापाशी पाया उघडा करून घेतला. मागच्या ओळीचा पाया मोठ्या गोट्यांचा, सव्वा मीटर खोल, मुरमापर्यंत. पुढच्या इमारतीचा जेमतेम पाऊण मीटर, खाली विटांचे तुकडे आणि चुन्याची खडी, आणि त्या भरावात जुन्या ओळीची फुटकी कौलं. म्हणजे पुढची बांधताना ओळीची शेवटची एक खोली पाडलेली होती. खोल्या मूळच्या आठ नव्हत्या, नऊ होत्या.

हौद साफ करून मोजला: आत १.८ बाय ३ मीटर, खोली १.२, तळाला शहाबादी फरशी, एका बाजूला बैलांना पाणी पिण्यासाठी उतरतं दगडी पात्र. आमच्या नकाशाचा कागद क्रमांक ४ नव्याने काढला, नववी खोली तुटक रेषेत दाखवली. बाकीचे कागद छपाईला दिले, ए-१ कागदावर दोन संच, एक मालकांना.